चारशे साठ वेढे

आमचं घर देशपांडे नगरात होतं आणि अप्पांचं दुकान कोप्पीकर रोडला लागून असलेल्या एका बोळात. मध्ये चालत दहा मिनिटांचं अंतर. अप्पांचा जेवणाचा डबा पोचवायचं काम माझ्याकडे असल्यामुळे त्या रस्त्यावरचा दगडन् दगड माझ्या ओळखीचा होता. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे लाकडी टेबल, टेबलावर हाताने फिरवायचं तार गुंडाळण्याचं यंत्र, भिंतीला तांब्याच्या तारेची लहानमोठी रिळं आणि मागच्या कोपऱ्यात वार्निशचा डबा. त्या वार्निशचा वास अप्पांच्या सदऱ्यांत इतका मुरला होता की आई त्यांचे कपडे वेगळे धुवायची, तरीही तो जायचा नाही. मला मात्र तो वास फार आवडायचा, अजून आवडतो. मागच्या महिन्यात मुलाबरोबर एका रंगाच्या दुकानात गेले होते. तिथल्या नोकरानं वार्निशचा डबा उघडला आणि माझे पाय तिथंच थांबले. मुलगा म्हणाला, "आई, चल की आता." मी म्हटलं, "थांब जरा, अप्पा आहेत इथं." त्यानं माझ्याकडे काळजीनं पाहिलं, पण थांबला बिचारा.

अप्पा जळालेल्या विजेच्या मोटारींत नवी तार भरून द्यायचे, पण त्यांचा जीव ट्रान्सफॉर्मरवर. त्या वेळी हुबळीत संध्याकाळ झाली, सगळ्यांचे दिवे लागले, की व्होल्टेज खाली यायचं. ट्यूबलाइट नुसती डोळे मिचकावत राहायची आणि टीव्हीतली माणसं चारी बाजूंनी आकसायची. म्हणून घरोघरी स्टॅबिलायझर, त्यांच्या पोटात ट्रान्सफॉर्मर, आणि ते बिघडले की अप्पांच्या टेबलावर. दुकानात सतत ट्रान्सफॉर्मरची एक बारीक गुणगुण चालू असे. अप्पा ती गुणगुण ऐकून सांगत की आतल्या लोखंडी पत्त्या सैल झाल्यात की घट्ट आहेत. पाच वाजले की समोरच्या गाड्यावरून गिरमिट यायचं. आमच्या दुकानात गिरमिट म्हणजे भोक पाडायचं हत्यारही आणि चिरमुऱ्यांचं खाणंही, आणि अप्पांनी "गिरमिट आण" म्हटलं की कुठलं आणायचं हे घड्याळाकडे बघून ठरवायला लागायचं. पुण्याहून पाहुणे आले की आमच्या असल्या बोलण्याला हसत. वाक्य मराठीत सुरू करायचं आणि कन्नडमध्ये संपवायचं, ही त्यांना मोठी गंमत वाटे. आम्हाला त्यात काही विशेष आहे हेच माहीत नव्हतं.

ट्रान्सफॉर्मर काय करतो हे मला दुकानात नाही, स्वयंपाकघरात कळलं. मी आठवी-नववीत असेन. मला वाटायचं, व्होल्टेज वाढवता येतंय तर वीज फुकटात वाढली की. एका बाजूनं थोडी घाला, दुसऱ्या बाजूनं भरपूर काढा, बिल कशाला भरायचं? एका रविवारी दुपारी घरी जेवताना मी ही अक्कल पाजळली. आई ज्वारीची भाकरी थापत होती. अप्पांनी तिच्या परातीकडे बोट दाखवलं. "गोळा बघ. थापून मोठा केला की भाकरी पातळ होणार. लहान ठेवली की जाड राहणार. पीठ वाढलं काय त्यात?"

"नाही."

"मग झालं की. व्होल्टेज म्हंजे भाकरीचा घेर, करंट म्हंजे जाडी. एक दुप्पट केलं की दुसरं निम्मं होतंय. ट्रान्सफॉर्मर नुसता थापतो, पीठ आणत नाही."

आईनं मान वर न करता विचारलं, "आणि परातीला चिकटून राहतंय ते?"

अप्पांचा घास हातातच राहिला. "ते गरम होण्यात जातंय," ते म्हणाले. "ट्रान्सफॉर्मरच्या पेटीला हात लावून बघ, कोमट लागते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ, चौथी शिकली तुझी आई." आईनं नाक मुरडलं, पण त्या दिवशी त्यांच्या ताटात शेंगाचटणी जरा जास्तच पडली. आजही मला कुणी हा प्रकार समजावून सांग म्हटलं की मी पिठातच हात घालते. कमी व्होल्टेजच्या बाजूला करंट जास्त, म्हणून तिकडची तार जाड. जास्त व्होल्टेजच्या बाजूला करंट कमी, म्हणून तिकडची तार बारीक. एवढं कळलं की बाकीचं सगळं मोजदादीचं काम आहे.

दहावी झाली आणि मी विद्यानगरातल्या पॉलिटेक्निकचा अर्ज आणला. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा. पालकाची सही हवी होती. अप्पांनी अर्ज वाचला, नीट घडी घातली आणि देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर ठेवून दिला. "कॉमर्सला जा," एवढंच म्हणाले. मी भांडले, रुसले, एक वेळ जेवलेसुद्धा नाही, पण दुसऱ्या वेळी वांग्याचं भरीत होतं म्हणून जेवले. अप्पा रागीट नव्हते, त्यामुळे त्यांच्याशी भांडणं अवघड जायचं. शेवटी एकदा त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं माझ्यापुढे धरली. त्या बोटांना स्पर्श कळत नसे. तरुणपणी कुणीतरी चुकून चालू केलेल्या लाइनवर ती बोटं पडली होती. "सुताराचं चुकलं तर खुर्ची डुगडुगते," ते म्हणाले. "आमचं चुकलं तर माणूस जातंय, शालू. आणि बहुतेक वेळा दुसऱ्याचं माणूस जातंय." अर्जाची शेवटची तारीख आठवड्यावर आली होती, आणि मी रोज दिवा लावताना देवाआधी त्या कागदाला नमस्कार करत होते.

अशात शेजारच्या गिरिजाक्कांच्या भावानं अमेरिकेहून कणीक मळायचं मशीन आणलं. गिरिजाक्का म्हणजे आमच्या गल्लीच्या होळिगेच्या मालकीणबाई. कुणाकडे बारसं असो, मुंज असो, पुरणपोळीचं पीठ त्यांनीच मळायचं. गेल्या दोन वर्षांत मनगटं इतकी दुखायला लागली होती की त्या पट्ट्या बांधून मळत. मशीन पांढरंशुभ्र, जड आणि फार रुबाबदार, पण ते चालायचं एकशेदहा व्होल्टवर. आपल्याकडच्या दोनशेतीसवर लावलं असतं तर पहिल्याच दिवशी जळून गेलं असतं. गिरिजाक्कांचे यजमान, ज्यांना सगळी गल्ली नुसतं मास्तर म्हणायची, कन्नड शाळेतून निवृत्त झालेले. ते अप्पांकडे आले आणि व्होल्टेज निम्मं करणारी पेटी करून द्या म्हणाले. अप्पांनी ऐकून घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही पेटी शालू करेल. मी हात लावणार नाही." मास्तर गेल्यावर पुढचं बोलले, "त्यांच्या घरात मशीन नीट चाललं तर सही करतो. नाहीतर कॉमर्स. कबूल काय?" मी कबूल म्हटलं.

पुढचे चार दिवस मी त्या टेबलाशी होते. लोखंडी पत्त्यांचा गठ्ठा मोजून हिशोब केला, एका व्होल्टला दोन वेढे. म्हणजे दोनशेतीसच्या बाजूला चारशे साठ वेढे बारीक तारेचे, आणि एकशेदहाच्या बाजूला दोनशे वीस वेढे जाड तारेचे. त्यावर आणखी दहा, कारण भार पडला की व्होल्टेज थोडं बसतं. यंत्राचा मोजणारा काटा मधेच उडी मारायचा, म्हणून तोंडानं मोजायला लागायचं. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं दारातून वेळ विचारली, "टैम एष्टु, तंगी?" आणि मी सांगितलं, "दोनशे बारा." तो बिचारा रस्त्यावर जाऊन सूर्याकडे बघायला लागला. अप्पा पेपर वाचत बसले होते, पण पेपर हलायला लागला तेव्हा मला कळलं की ते हसतायत. थरांमध्ये मेणकापड घातलं, पत्त्या ठोकून घट्ट केल्या, वार्निशमध्ये बुडवून वाळवलं, पत्र्याच्या पेटीत बसवलं. पेटीच्या एका अंगाला पितळेचे दोन स्क्रू, दुसऱ्या अंगालाही तसेच दोन. अप्पांच्या सगळ्या पेट्या अशाच असत. मी एका अंगावर रंगानं २३० लिहिलं, दुसऱ्यावर ११०. मीटर लावलं तेव्हा काटा एकशेपंधराच्या जवळ थांबला. अप्पांनी पेपरची घडी घालता घालता कान पेटीकडे केला. पेटी गप्प होती. अगदी कान लावला तरच काय ती ऐकू येत होती. ते दुकान बंद करायला उठले आणि मला रात्रभर छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी पेटी घेऊन गिरिजाक्कांकडे गेले. मशीन चौरंगावर ठेवलेलं. त्याला हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढे नारळ. नवीन यंत्राची पूजा झाल्याशिवाय ते चालू करायचं नाही. गिरिजाक्कांचं सगळं यथासांग चाललेलं, म्हणजे अर्धा तास तरी हलायला नको. इकडे अप्पांच्या डब्याची वेळ झाली होती. मशीनची वायर मी एकशेदहाच्या बाजूला जोडायला घेतली, तर गिरिजाक्का म्हणाल्या, "पूजा मुगीलि, यव्वा." पूजा संपू दे आधी. मास्तर भिंतीच्या सॉकेटपासून नवी लांब वायर ओढून तयारच बसले होते. त्यांना स्क्रू पिळता येत होता, मला घाई होती. मी चपला घालता घालता त्यांना म्हटलं, "आकडे नोडरी, मास्तर. नान ईग बंदे." आकडे बघा, मी आलेच. मास्तर म्हणाले, "हौदु हौदु, नी होगु." हो हो, जा तू. आणि मी डबा घेऊन निघाले, गाणं म्हणत.

अप्पांचं जेवण निम्म्यावर आलं असेल, तेव्हा मास्तर दुकानाच्या दारात उभे. अंगात बंडी, पायात दोन वेगवेगळ्या चपला. पूजेचा शेवटचा भाग चालू असताना त्यांनी वायर जोडून बटण दाबलं. पेटी मोठ्यानं ओरडली, घराचा फ्यूज उडाला, पंखा बंद, आणि आरतीच्या ताटासकट गिरिजाक्का भिंतीला चिकटून उभ्या. "मशीन जळलं काय?" मी विचारलं. मास्तर म्हणाले, "मशीन अजून जोडलंच नव्हतं." जीव भांड्यात पडला, पण निम्माच. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, तोंडातला घास संपवला आणि म्हणाले, "जा. तूच जा." मीटर, पक्कड आणि फ्यूजची तार पिशवीत टाकून मी मास्तरांच्या पुढे पळत सुटले. सगळ्या वाटेवर मी चारशे साठ वेढे पुन्हा पहिल्यापासून मोजत होते. कुठे घसरले असेन? त्या म्हाताऱ्यापाशी? दोनशे बारानंतर दोनशे तेरा म्हटलं होतं की नाही?

पेटीपाशी बसले आणि पहिल्याच नजरेत दिसलं. भिंतीकडून आलेली वायर एकशेदहाच्या स्क्रूंना पिळलेली होती. एकशेदहासाठी गुंडाळलेल्या तारेत दोनशेतीस घुसवलं, म्हणजे लोखंडाला झेपणार नाही इतकं झालं. पेटी ओरडली आणि करंट इतका वाढला की फ्यूज गेला. मीटर लावलं. दोन्ही तारा धडधाकट. वेढे बरोबर होते. माझी चूक नव्हती. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसले, आणि मग मान वर केली तर मास्तर खांबाला टेकून उभे होते, गणित चुकलेल्या मुलासारखे.

"मास्तर, उलटं का जोडलंत?"

"नीनऽ हेळिदि," ते म्हणाले. तूच सांगितलंस. "आ कडे नोडरी, अंत."

मी म्हटलं होतं आकडे, मराठीतले आकडे, आणि त्याला 'नोडरी' हे कन्नड क्रियापद जोडलं होतं. मास्तरांनी आयुष्यभर कन्नड शिकवलेलं. त्यांना ऐकू आलं ते 'आ कडे', त्या बाजूला. त्या बाजूला बघा. पोरगी जाणती आहे, त्या बाजूला म्हणते म्हणजे त्या बाजूला, असं म्हणून त्यांनी वायर उचलून मुद्दाम पलीकडच्या अंगाला जोडली होती. "अंकी अंत हेळबेकित्तु," मास्तर हळूच म्हणाले. अंकी म्हणायला हवं होतं. आणि अंकी म्हणजे अंक. मराठीतसुद्धा तोच शब्द. नुसतं मराठी बोलले असते तरी चाललं असतं, नुसतं कन्नड बोलले असते तरी चाललं असतं.

गिरिजाक्का माझ्याजवळ येऊन बसल्या. अर्जाचं सगळं त्यांना आईकडून माहीत होतं. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मास्तर म्हणाले, "शालू, तुझ्या अप्पांना मी सांगतो. म्हाताऱ्यानं उलटं जोडलं. तुझं काही चुकलं नाही. हे खरंच आहे की." आणि ते निम्मं खरं होतंच. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. आता सही होणार, असं मनात आलं, आणि त्याच वेळी दारात अप्पा येऊन उभे राहिले. रिकामा डबा त्यांच्या हातात होता. त्यांनी पेटी पाहिली, वायर कुठल्या स्क्रूंना आहे ते पाहिलं.

"कुणाचं चुकलं?" अप्पांनी विचारलं.

मास्तर तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या डोळ्यांसमोर गिरिजाक्का आल्या, आरतीचं ताट घेऊन त्या मशीनला हात लावून उभ्या आहेत अशा. पूजा पाच मिनिटं आधी संपली असती आणि उलट्या पेटीतून मशीनमध्ये दुप्पट व्होल्टेज गेलं असतं तर? "माझं," मी म्हटलं. "मी त्यांना आकडे नोडरी म्हटलं, त्यांना आ कडे ऐकू आलं. स्वतः जोडून न देता मी निघून गेले. वेढे बरोबर आहेत, अप्पा, पण चूक माझी आहे." शेवटचे शब्द रडतच आले, कारण त्या शब्दांबरोबर कॉमर्सच्या पुस्तकांचा गठ्ठा मला स्वच्छ दिसायला लागला होता.

अप्पा 'आकडे, आ कडे' असं दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणाले आणि त्यांना हसू आवरेना. मास्तरही हसायला लागले. गिरिजाक्कांना आधी राग आला, मग त्याही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. अप्पांनी पेटी उचलून फिरवून पाहिली. "दोन्ही अंगाला सारखेच स्क्रू," ते म्हणाले. "वीस वर्षं मी असंच करतोय. आंधळ्यालासुद्धा उलटी जोडता येऊ नये अशी पेटी पाहिजे. ही चूक माझी." मग माझ्याकडे पक्कड सरकवली. "ऊठ. फ्यूज बांध."

मी फ्यूज बांधला. वायर दोनशेतीसच्या बाजूला, मशीन एकशेदहाच्या बाजूला. दोन्ही वेळा मोठ्यानं वाचून मगच स्क्रू पिळले. बटण दाबलं. पंखा फिरायला लागला, पेटी गप्प. गिरिजाक्कांनी भांड्यात कणीक घातली, पाणी घातलं, देवाचं नाव घेतलं आणि मशीनचा खटका ओढला. ते घरघरत फिरायला लागलं आणि दोन मिनिटांत भांड्याच्या मध्ये मऊ, गुळगुळीत गोळा. गिरिजाक्कांनी तो हातात घेऊन दाबून पाहिला, आपल्या मनगटावरची पट्टी सोडली आणि खुंटीला अडकवली. मग कुंकवाचं बोट आधी पेटीला लावलं आणि नंतर माझ्या कपाळाला. मी कधी इतकी खूश झाले होते असं मला आठवत नाही, आणि त्यानंतर खूश व्हायचे प्रसंग बरेच आले.

अप्पा पाटावर बसले होते. त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि चार घड्यांचा कागद काढला. देव्हाऱ्याच्या खालून तो त्यांनी कधी उचलला होता, मला पत्ता नाही. तो त्यांनी मांडीवर ठेवून तळव्यानं सपाट केला, पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला.

"मास्तर," ते म्हणाले, "पेन अदेनरी?"

मास्तरांनी शाईचं पेन आणून दिलं. अप्पांनी पालकाच्या ओळीवर पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर. मग कागद माझ्याकडे न देता त्यांनी तो मास्तरांपुढे धरला. "नीट तपासून बघा, मास्तर," अप्पा म्हणाले. "कुठं चूक राहायला नको. पोरगी शिकायला जायलीय माझी."